हर्णैची पुळण

समुद्रकाठच्या वाळूच्या पट्ट्याला कोकणात पुळण म्हणतात. संस्कृतातील ‘पुलिन’ या शब्दाचे हे घरगुती रूप. काव्यातले पुलिन बहुधा नदीकाठी असते आणि तेथे चांदण्याखेरीज फारसे काही घडत नाही. कोकणातल्या पुळणीवर मात्र जाळी पसरलेली असतात, मासळी सुकत असते, उलथी घातलेली होडी डांबराची वाट पाहत असते. अलीकडे या शब्दाच्या जागी ‘बीच’ आला आहे. एका शब्दाने दुसऱ्याला हटवावे यात नवल नाही, भाषेचा तो नित्यव्यवहारच आहे. पण येथे शब्दाबरोबर जागाही बदलली. पुळणीवर लोक कामाला जात, बीचवर फिरायला जातात.

दापोली तालुक्यातील हर्णै या लहानशा बंदराच्या गावी हा बदल अजून पुरता झालेला नाही, म्हणून ते गाव आम्हांला महत्त्वाचे वाटते. येथे येणारा प्रवासी प्रथम पाहतो तो समोरच्या पाण्यातला सुवर्णदुर्ग. किल्ला आदिलशाहीच्या काळातला, पुढे शिवाजीमहाराजांनी घेऊन बळकट केलेला. काठावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला अशी त्याची तीन राखणदार भावंडे आहेत. नजर या दगडांवरून हलायला तयार होत नाही. आपल्या इतिहासलेखनाचीही तीच गत झाली. किल्ल्यांना बखरी मिळाल्या, कागदपत्रे मिळाली, नकाशे मिळाले. किल्ला आणि गाव यांच्यामधल्या वाळूला काहीच मिळाले नाही. ती तर दिवसातून दोनदा धुतली जाते!

किल्ल्याच्या इतिहासातील दोन प्रसंग मात्र सांगितलेच पाहिजेत. पहिला एप्रिल १७५५ मधला. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानीनासा झाला, तेव्हा नानासाहेबांनी मुंबईच्या इंग्रजांशी करार केला आणि कमोडोर विल्यम जेम्स याने सुवर्णदुर्गावर तोफा डागल्या. किल्ल्यातील दारूगोळ्याचा साठा पेटला, किल्ला पडला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, विजयदुर्गही पडला आणि आंग्र्यांच्या आरमाराची राख झाली. मराठ्यांचे आरमार मराठ्यांच्याच संमतीने बुडाले, हे वाक्य पाठ्यपुस्तकात शोभणार नाही, पण त्यात अतिशयोक्ती नाही. दुसरा प्रसंग १८०२ चा. यशवंतराव होळकरांनी २५ ऑक्टोबरला हडपसरजवळ पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजांचा पराभव केल्यावर दुसरा बाजीराव पुणे सोडून कोकणात उतरला आणि महाडहून सुवर्णदुर्गाच्या आश्रयाला आला. येथून समुद्रमार्गे तो वसईकडे गेला. ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला. ज्या बंदरात आजोबांनी इंग्रजांना बोलावले, त्याच बंदरातून नातू इंग्रजांच्या आश्रयाला गेला. (नानासाहेब हे राघोबांचे थोरले भाऊ, म्हणजे नाते चुलत आजोबाचेही नव्हे, थेट काकांचे; पण दोन प्रसंगांत सत्तेचाळीस वर्षांचे अंतर असल्याने मनात ते आजोबा-नातूच होऊन बसतात.)

जेम्सची पुढची हकीकत साहित्याच्या अभ्यासकांना रंजक वाटेल. तो श्रीमंत होऊन विलायतेला परतला. लंडनमधील त्याच्या घरी ‘ट्रिस्ट्रम शँडी’चा कर्ता लॉरेन्स स्टर्न याची नित्य ऊठबस असे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतील एका अधिकाऱ्याची तरुण पत्नी एलायझा ड्रेपर स्टर्नला भेटली ती १७६७ साली, याच वर्तुळात. तिच्यासाठी त्याने जी रोजनिशी लिहिली, ती इंग्रजी भावविवशतेच्या वाङ्मयात आजही वाचली जाते. जेम्स १७८३ मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याच्या विधवेने लंडनच्या आग्नेयेस शूटर्स हिल या टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ एक त्रिकोणी मनोरा उभारला. त्याचे नाव सेव्हर्नड्रूग कॅसल, म्हणजे इंग्रज खलाशांच्या जिभेवर वळलेला आपला सुवर्णदुर्गच. मनोरा अजून उभा आहे. दुरुस्तीनंतर २०१४ पासून तो लोकांना पाहताही येतो. हर्णैचा किल्ला असा जगाच्या दोन टोकांना दगडात शिल्लक आहे.

वाळूचे तसे नाही. तिचा इतिहास कोठे शोधावा? आमच्या मते तो तिच्यावर बोलल्या जाणाऱ्या शब्दांत शोधावा. हर्णैला होड्या किनाऱ्यापासून काही अंतरावर नांगरून राहतात. मासळी उतरवायला बैलगाड्या पाण्यात शिरतात. बैलांच्या पोटाला लाटा लागतात तरी ते सवयीने उभे असतात. गाड्या वाळूवर येऊन रिकाम्या होतात, पापलेट, सुरमई, कोळंबी यांचे वेगवेगळे ढीग पडतात, भोवती माणसांचे कडे जमते आणि लिलाव सुरू होतो. हा ‘लिलाव’ पोर्तुगीजांचा, त्यांच्या ‘लेइलांव’पासून आलेला. ज्या ‘बंदरा’त तो चालतो ते फारसी. ‘खलाशी’ अरबीतून आला, होडीचा धनी ‘नाखवा’ फारसी नाखुदापासून. पायाखालची पुळण संस्कृत. पोर्तुगीजांशी, हबशांशी, इंग्रजांशी किल्ल्यांवरून लढाया होत असताना खाली वाळूत त्यांच्याशी व्यवहारही होत होता, याचा याहून भक्कम पुरावा कोणत्या दप्तरात मिळणार? कोळणीने हाळी देताना उच्चारलेला शब्द हा कागदाइतकाच अस्सल दस्तऐवज आहे, आणि त्यावर मोहोर नाही म्हणून आपण तो बाजूला ठेवत आलो.

या यादीत ‘बोट’ही घातली पाहिजे. कोकणी माणसाच्या तोंडी बोट म्हणजे मुंबईची आगबोट. ती हर्णैच्या किनाऱ्याला लागत नसे, खोल पाण्यात उभी राही; पडावातून उतारू तिच्यापर्यंत नेत. मनिऑर्डरीवर जगणाऱ्या गावांचा उंबरठा असा ओल्या वाळूचा होता. पावसाळ्यात समुद्र बंद झाला, की घाट चढण्यावाचून गती नसे. शेजारच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे विद्यार्थिदशेत परीक्षेसाठी पायी साताऱ्याला गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही, हा प्रसंग मराठी वाचकांना त्यांच्या ‘आत्मवृत्ता’मुळे ठाऊक आहे. पुढे रस्ते सुधारले, एस.टी. आली आणि बोटी बंद पडल्या.

आमच्या साहित्यात ही पुळण कितपत आली? याच तालुक्यातील पालगडचे साने गुरुजी. ‘श्यामची आई’मध्ये लाडघरच्या तामस्तीर्थाची एक स्वतंत्र रात्र आहे. लाडघर याच किनाऱ्यावर दक्षिणेला. तेथे समुद्र हे तीर्थ आहे, आणि समुद्रावर जायला बीचपूर्व काळात एवढे एकच प्रतिष्ठित निमित्त होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. श्री. ना. पेंडसे जवळच्या मुर्डीचे. पण त्यांच्या कादंबऱ्यांचे हृदय पोफळींच्या बागांत आणि खोतांच्या ओटीवर आहे. त्याचा दोष त्यांना देता येणार नाही. लेखक आपल्या अंगणातून लिहितो. प्रश्न इतकाच, की ज्यांचे अंगण ही वाळूच होती, त्यांच्या हाती लेखणी फार उशिरा आली. तोवर त्यांच्याविषयी जे लिहिले गेले ते बहुतेक ओटीवरून लिहिले गेले.

आज हर्णैला येणाऱ्या पाहुण्यांना स्थानिक लोक एक व्यावहारिक सल्ला देतात: डुंबायचे तर मुरूड-कर्द्याला जा, येथे मासळी घ्या. पाहुणे तो मानतात. वास सहन होत नाही म्हणून पुष्कळजण नाकाला रुमाल लावून लिलावाचे छायाचित्र घेतात आणि किल्ल्याकडे जाणाऱ्या होडीची चौकशी करतात. कडे करून उभी असलेली माणसे त्यांच्याकडे वळून पाहत नाहीत. भाव अजून ठरायचा असतो.