सशासाठी कुठला बोअर?

बदलापूरहून एका श्रोत्याने विचारलंय, बारवीच्या जंगलात सशासाठी कुठली रायफल बरी, पॉइंट टू-टू की पॉइंट वन-सेव्हन?

आधी थोडा इतिहास सांगतो. 1857 मध्ये स्मिथ अँड वेसनने टू-टूचं पहिलं छोटं काडतूस काढलं. आजचं 'लाँग रायफल' आलं 1887 मध्ये. यात पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो. पिनेने कड चेपली की बार उडतो. चेपायची म्हणजे कड पातळच हवी, म्हणून आतला दाबही बेताचाच ठेवावा लागतो. सशाला तेवढा पुष्कळ झाला! वन-सेव्हन अगदी अलीकडचं, 2002 चं. गोळी निम्म्याहून हलकी, वेग जवळपास दुप्पट.

पण भावा, तुझा प्रश्न उशिरा आला. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि 1991 च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच गेले. बंदुकीचं लायसन्स खिशात असलं, तरी सशावर गोळी झाडणं गुन्हाच.

नेमबाजी शिकायचीय? मग रेंजवर जा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटरवर ब्राँझ जिंकलं, ते याच टू-टूने.