शिक्षा फिटली, शेरा राहिला

(नभोवाणीवरील भाषण)



शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ या नावाचा एक रकाना असतो. माझ्या नोकरीच्या काळात असे शेकडो दाखले माझ्या हातून लिहिले गेले. परंतु त्या रकान्यात ‘चांगली’ याखेरीज दुसरा शब्द लिहिल्याचे मला स्मरत नाही. ज्यांना हा शब्द लाभला ती सर्व मुले साधुसंत होती, असे मुळीच नव्हे. कोणी वर्गाच्या काचा फोडल्या होत्या, तर कोणी परीक्षेत शेजाऱ्याच्या वहीत डोकावले होते. त्या त्या वेळी त्यांना शिक्षा झाली. मात्र ती शिक्षा दुसऱ्या शाळेपर्यंत त्यांच्या पाठीमागे जाऊ नये, असा आम्हां शिक्षकांचा अलिखित नियम असे. शिक्षा आणि शिक्षण हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघाले आहेत. जी शिक्षा कधी संपतच नाही, तिच्यापासून मनुष्याने शिकावे तरी काय?

हा प्रश्न माझ्यापुढे उभा केला तो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, दिवाळीच्या रात्री, पैसे लावून पत्ते खेळताना तो पकडला गेला. न्यायालयात त्याने वकील दिला नाही. गुन्हा कबूल केला, दोनशे रुपये दंड भरला आणि दुपारी कामावर हजर झाला. प्रकरण तेथेच मिटले असे त्याला वाटले. अकरा वर्षांनी पहारेकऱ्याच्या नोकरीचा अर्ज भरताना ‘आपणांस न्यायालयाने कधी दोषी ठरविले आहे काय?’ या प्रश्नापाशी त्याची लेखणी अडली. तो माझ्याकडे आला व म्हणाला, “गुरुजी, होय लिहावे तर नोकरी जाते, नाही लिहावे तर मी खोटा ठरतो. काय लिहू?”

त्याला उत्तर देण्यापूर्वी हा रकाना अर्जावर आला कोठून, हे पाहणे उद्बोधक होईल. कंपनी सरकारच्या अमदानीत बंगाल इलाख्यात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा अपराध गोंदवीत असत. ही अमानुष चाल १८४९ साली कायद्याने बंद झाली. कपाळावरचे गोंदण गेले, पण त्याची जागा कागदाने घेतली. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ७५ व्या कलमाने असे ठरविले की, काही विशिष्ट प्रकारच्या गुन्ह्यांत पूर्वी दोषी ठरलेल्याने पुन्हा तसाच गुन्हा केल्यास त्याला अधिक कडक शिक्षा व्हावी. आता नाव बदलून येणारा अपराधी ओळखावा कसा? त्याचे उत्तर १८९७ साली कलकत्त्यास स्थापन झालेल्या बोटांच्या ठशांच्या कचेरीने दिले. एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गाजलेल्या त्या पद्धतीमागे अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचे परिश्रम होते. पुढे २०२२ च्या कायद्याने दोषी ठरलेल्यांचे ठसे, छायाचित्रे इत्यादी माहिती ७५ वर्षे जतन करण्याची तरतूद केली. पंचाहत्तर वर्षे म्हणजे माणसाचे अवघे आयुष्यच नव्हे काय?

या नोंदींचा मूळ हेतू वाईट होता, असे मी म्हणणार नाही. सराईत चोर आणि एकदाच चुकलेला मनुष्य यांतील भेद न्यायाधीशाला कळावा, हे रास्तच आहे. परंतु नोंद ठेवण्याची कला जितक्या वेगाने वाढली, तितक्या वेगाने ती मिटविण्याची कला वाढली नाही.

तसे प्रयत्न झाले नाहीत असेही नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, पहिल्याच वेळी अपराध करणाऱ्यास सद्वर्तनाच्या हमीवर सोडून देण्याची सोय होती. मध्य प्रांत व वऱ्हाडाने १९३६ साली आणि मुंबई प्रांताने १९३८ साली या दयेसाठी स्वतंत्र कायदे केले. स्वातंत्र्यानंतर १९५८ साली अखिल भारतासाठी असाच कायदा झाला. त्याचे १२ वे कलम महत्त्वाचे आहे. न्यायालयाने ताकीद देऊन अथवा हमीवर सोडलेल्या मनुष्याला, दोषी ठरल्यामुळे येणारी कोणतीही कायदेशीर अपात्रता भोगावी लागू नये, असे ते सांगते. तथापि अपात्रता गेली म्हणून दोष पुसला जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली स्पष्ट केले. बालकांच्या बाबतीत कायदा अधिक उदार आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने काही अतिगंभीर प्रकरणे वगळून मुलांच्या दोषसिद्धीच्या नोंदी मुदतीनंतर नष्ट करण्याचा मार्ग घालून दिला.

आता एक विसंगती पाहा. १२ व्या कलमाचा लाभ ताकीद अथवा हमी मिळालेल्यांनाच होतो. ज्याने मुकाट्याने दंड भरला, त्याला नाही. ज्याच्यापाशी वकील होता, त्याने हमी मागितली आणि तो अपात्रतेतून सुटला. ज्याला रोजची मजुरी बुडवायची नव्हती, त्याने ‘कबूल’ म्हटले, दंड भरला आणि आयुष्यभराचा शेरा पदरी घेतला. माझा विद्यार्थी या दुसऱ्या वर्गातला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने काही किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवेची शिक्षा आणली, हे स्वागतार्ह आहे. परंतु त्याने शिक्षा सौम्य झाली; शेरा होता तेथेच राहिला.

अन्य देशांनी याबाबतीत काय केले? इंग्लंडात लॉर्ड गार्डिनर यांच्या समितीने १९७२ साली अहवाल दिला व १९७४ साली अपराध्यांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला. ठरावीक वर्षे निर्दोषपणे काढली की जुना अपराध ‘संपला’ असे मानावे, आणि सामान्य नोकरीसाठी तो सांगण्याचे बंधन नसावे, हे त्याचे तत्त्व. आरंभी अडीच वर्षांपर्यंतच्या कैदेलाच ही सवलत होती. इंग्लंड व वेल्समध्ये २०१४ साली ही मर्यादा चार वर्षांवर गेली, आणि केवळ दंड झालेल्यांची मुदत पाच वर्षांवरून एका वर्षावर आली. २०२३ साली, अत्यंत गंभीर गुन्हे वगळून, चार वर्षांपुढील कैदेलाही दार उघडले. प्रत्येक पायरीवर अनुभव घेऊन वर्तुळ रुंदावत नेले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

अमेरिकेतील मिशिगन राज्याची कथा याहून बोधप्रद आहे. तेथे नोंद रद्द करून घेण्याचा कायदा १९६५ सालापासून होता. पण त्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागे. मिशिगन विद्यापीठातील दोन विधिज्ञांनी याचा अभ्यास करून २०२० साली तो प्रसिद्ध केला. पात्र झालेल्या दर शंभर लोकांपैकी पाच वर्षांच्या आत जेमतेम सहा-सात जणांनीच नोंद पुसून घेतली होती! उरलेल्यांना कायदा ठाऊक नव्हता, किंवा वकिलाचा खर्च व कचेऱ्यांचे हेलपाटे झेपण्यासारखे नव्हते. ज्यांची नोंद पुसली गेली, त्यांच्यापैकी पुन्हा गुन्ह्याकडे वळलेले फारच थोडे निघाले, आणि त्यांची कमाई वाढल्याचेही दिसले. त्याच वर्षी राज्याने कायदा बदलला. अधिक गुन्हे सवलतीत आले, आणि २०२३ पासून अनेक किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी सात वर्षांनंतर अर्जाशिवाय आपोआप झाकल्या जाऊ लागल्या. दार नुसते असून भागत नाही. ते आपण होऊन उघडावे लागते, हा या कथेचा धडा.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. घरात, शाळेत, पेढीत ज्याला नेमायचे, त्याचा पूर्वेतिहास जाणण्याचा नेमणाऱ्याला हक्क नाही काय? आहे. लहान मुलांवर वा स्त्रियांवर अत्याचार करणाऱ्याची नोंद मिटवावी, असे कोणीही म्हणणार नाही. इंग्लंडच्या कायद्यानेही मुलांशी संबंध येणाऱ्या कामांसाठी अपवाद ठेवले आहेत. प्रश्न आहे तो दिवाळीतल्या पत्त्यांचा, रस्त्यावरच्या बाचाबाचीचा, तरुणपणच्या एखाद्या अविचाराचा. २०११ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्ली पोलिसांतील एका उमेदवाराचे प्रकरण आले होते. मारामारीचा जुना, तडजोडीने मिटलेला खटला त्याने अर्जात सांगितला नव्हता. व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतील, पावासाठी चोरी करून जन्मभर चोर ठरलेल्या जाँ व्हालजाँचे स्मरण करून न्यायालयाने तरुणपणीच्या चुकांकडे क्षमाबुद्धीने पाहण्यास सांगितले. परंतु ही क्षमा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचणाऱ्यालाच मिळावी काय?

जेथे केवळ दंड झाला आहे, अशा किरकोळ गुन्ह्यांपासून तरी आपण आरंभ करावा. काही वर्षे सरळ वर्तनाने काढणाऱ्याला त्या रकान्यात ‘नाही’ लिहिण्याचा हक्क कायद्याने द्यावा, तोही अर्जाशिवाय. पुन्हा गुन्हा घडल्यास पाहण्यापुरती नोंद न्यायालयापाशी राहो. नोकरीच्या अर्जावर ती नको.

माझ्या विद्यार्थ्याला मी ‘होय’ लिहावयास सांगितले, कारण खोटे लिही असे शिक्षकाला सांगता येत नाही. सोबत त्याच्या वर्तणुकीचा दाखला दिला. त्यातही शब्द तोच होता, ‘चांगली’. ती नोकरी त्याला मिळाली नाही. वाल्याचा वाल्मीकी झाला ही कथा आपण मुलांना पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. त्या दिवशी मात्र मनात आले की, वाल्याच्या हाती असा अर्ज कोणी दिला नाही, हे आपल्या वाङ्मयाचे केवढे भाग्य!