शेरलॉक होम्स उशिरा पोहोचतो तेव्हा : एका उसन्या पात्राची गोष्ट

१/
आजचा धागा एका कथेची शिफारस करण्यासाठी आहे. ती १९०६ साली पॅरिसमधील एका मासिकात प्रसिद्ध झाली. तिचा नायक चोर आहे, आणि त्या चोराच्या वाटेत उभा राहणारा गुप्तहेर लेखकाचा स्वतःचा नाही. तो दुसऱ्या देशातील, हयात असलेल्या आणि कमालीच्या लोकप्रिय लेखकाच्या कथांतून सरळ उचलून आणलेला आहे. गुप्तहेराचे नाव शेरलॉक होम्स, चोराचे नाव आर्सेन लुपिन.

२/
दोन वेगवेगळ्या लेखकांनी निर्माण केलेली पात्रे एकाच कथेत समोरासमोर आणणे याला आज 'क्रॉसओव्हर फॅन फिक्शन' म्हणतात. शाळेत असल्यापासून मी असे लेखन वाचत आले आहे. मात्र इतिहासाच्या वर्गात त्याचा उच्चार करण्याचे धैर्य व्हायला एम.ए.चे दुसरे वर्ष उजाडावे लागले. चर्चासत्रात विषय मांडल्यावर पहिलाच प्रश्न आला : "पण याला साहित्य म्हणायचे का?" त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. ते आज देण्याचा प्रयत्न करते.

३/
प्रथम पार्श्वभूमी. आर्थर कॉनन डॉइल यांचा होम्स १८८७ साली अवतरला आणि १८९१पासून 'स्ट्रँड' मासिकातील कथांमुळे घरोघरी पोहोचला. १८९३च्या डिसेंबरात डॉइल यांनी त्याला रायखेनबाख धबधब्यात लोटून दिले. पुढे १९०१-०२मध्ये 'बास्करव्हिल'ची कादंबरी आली, पण ती होम्सच्या मृत्यूपूर्वीची हकिकत म्हणून. तो खऱ्या अर्थाने परतला १९०३ साली. मधली दहा वर्षे वाचकांजवळ पात्र होते, कथा नव्हत्या. रिकाम्या घरात पाहुणे शिरावेत तसे इतर लेखक या पोकळीत शिरले.

४/
सर्वच पाहुणे अगांतुक नव्हते. अमेरिकन नट विल्यम जिलेट यांनी होम्सवरील नाटकासाठी डॉइल यांची अनुमती घेतली होती. नाटकात होम्सचे लग्न लावले तर चालेल का, असे विचारल्यावर डॉइल यांनी लग्नच काय, खून केलात तरी हरकत नाही, अशा अर्थाची तार पाठवल्याची आठवण प्रसिद्ध आहे. 'पीटर पॅन'चे कर्ते जे. एम. बॅरी यांनी होम्सचे विडंबन लिहिले, तेव्हा डॉइल यांनी ते कौतुकाने जपले आणि पुढे आपल्या १९२४च्या आत्मचरित्रात छापलेही. आपल्या पात्राशी इतरांनी खेळावे याला त्यांचा सरसकट विरोध नव्हता, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

५/
क्रॉसओव्हरची कल्पनाही हवेत होतीच. डॉइल यांचे मेहुणे ई. डब्ल्यू. हॉर्नंग यांनी रॅफल्स हा सभ्य गृहस्थाच्या वेषातील चोर निर्माण केला होता. त्याच्या कथांचे पहिले पुस्तक १८९९चे. अमेरिकन विनोदकार जॉन केंड्रिक बँग्ज यांनी १८९७च्या कादंबरीत होम्सला थेट मृतात्म्यांच्या लोकात नेऊन चोरीला गेलेली नौका शोधायला लावली. १९०६मध्ये त्यांनी आणखी एक पात्र रचले : होम्सचा मुलगा आणि रॅफल्सचा नातू! एका अंगात गुप्तहेराचे रक्त, दुसऱ्या अंगात चोराचे. आजच्या फॅन फिक्शनमध्ये 'पुढची पिढी' हा जो आवडता प्रकार आहे, त्याचे हे पणजोबा म्हणायला हरकत नाही.

६/
आता आपल्या कथेचा लेखक. मोरीस लब्लां (१८६४-१९४१) हा रूआँ शहरात जन्मलेला नॉर्मन माणूस. फ्लोबेर आणि मोपासाँ यांच्या वाटेने जाणारा गंभीर कादंबरीकार व्हावे, ही त्याची आकांक्षा. चाळिशीपर्यंत त्या वाटेवर त्याला फारसे यश लाभले नाही. १९०५ साली प्रकाशक पिएर लाफीत यांनी 'जे से तू' नावाचे मासिक काढले आणि लब्लांकडे एक लोकरंजक कथा मागितली. जुलै १९०५मध्ये 'आर्सेन लुपिनची अटक' छापून आली. कथामालेच्या पहिल्याच कथेत नायक पकडला जातो, हीच तिची गंमत.

७/
वाचकांना लुपिन आवडला, कथांची मागणी वाढली, आणि जून १९०६मध्ये ती कथा आली जिच्यासाठी हा धागा लिहिते आहे : 'शेरलॉक होम्स फार उशिरा पोहोचतो'. ज्यांच्या घरात एकेकाळी बाबुराव अर्नाळकरांच्या 'झुंजार'च्या आणि 'काळा पहाड'च्या पुस्तकांचा फडशा पडत असे, त्यांना तिची चव अनोळखी वाटणार नाही. माझ्या आजोबांना मी ती मराठीत तोंडी सांगितली, तेव्हा त्यांनी मध्येच थांबवून विचारले, "मग पुढे गाडीत काय होते?" तो प्रश्न का पडला, ते आता पाहा.

८/
नॉर्मंडीतील थिबेरमेनील नावाचा जुना गढीवजा वाडा. मालक देवान हे धनाढ्य बँकर. वाड्याखाली एक गुप्त भुयार आहे, त्याचा मार्ग विस्मृतीत गेला आहे आणि त्याविषयी फ्रान्सच्या दोन राजांशी जोडलेल्या कूट ओळी तेवढ्या उरल्या आहेत. लुपिनची नजर या वाड्यावर आहे अशी वदंता असते. देवान निर्धास्त असतात, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी इंग्लंडहून साक्षात होम्स येणार असतो. अर्थात लुपिन आदल्या रात्रीच येतो.

९/
इथपर्यंत ही चातुर्यकथा आहे. पण त्या रात्री चोरी चालू असताना लुपिनच्या समोर अकस्मात एक तरुणी उभी राहते : नेली, पहिल्या कथेत जहाजावर भेटलेली आणि त्याचे खरे रूप कळल्यावरही त्याला न विसरलेली. पोलिसांना न भिणारा चोर तिच्या नजरेला भितो. खिसे चोरीच्या वस्तूंनी फुगलेले, हातात दिवा, आणि समोर ती. लज्जेने विरघळून तो शब्द देतो की उद्या तीन वाजता सारे सामान जागच्या जागी असेल. तो शब्द कसा पाळला जातो, ते मूळातच वाचावे.

१०/
आणि मग तो प्रसंग. वाडा सोडून पायी निघालेला लुपिन आणि स्थानकावरून वाड्याकडे पायी येणारा होम्स रस्त्यात समोरासमोर येतात. पाठलाग नाही, पिस्तूल नाही, झटापट नाही. दोन माणसे थांबतात, एकमेकांना न्याहाळतात, चार शब्द बोलतात आणि आपापल्या दिशेने जातात. क्रॉसओव्हर वाचणारा वाचक ज्या क्षणासाठी पाने उलटत असतो तो हाच क्षण, आणि लब्लांने तो भेटीच्या साधेपणातच ठेवला. होम्स पुढे जाऊन भुयाराचे कोडे बघता बघता सोडवतो. भुयाराच्या दुसऱ्या टोकाला त्याच्यासाठी लुपिनने पाठवलेली मोटारगाडी उभी असते. गाडीत एक लहानसे पुडके असते. त्यात काय आहे, हे मी आजोबांना सांगितले. तुम्हाला सांगणार नाही.

११/
(कोडे स्वतः सोडवायचे असेल तर हा परिच्छेद वगळावा.) त्या कूट ओळींत कुऱ्हाड, हवा आणि पंख यांचा उल्लेख येतो. फ्रेंचमध्ये या तीन शब्दांचे उच्चार 'एच', 'आर' आणि 'एल' या तीन अक्षरांच्या फ्रेंच नावांसारखेच होतात. वाड्याचे नाव भिंतीवर मोठ्या अक्षरांत कोरलेले आहे. उरलेले काम वाचकाचे. श्लेषावर उभी असलेली अशी जागा भाषांतरात जवळजवळ निसटतेच. म्हणून इंग्रजीतून वाचताना इथे अडखळायला झाले तर तो दोष वाचकाचा नव्हे.

१२/
या कथेचे खरे कौशल्य न्यायनिवाड्यात आहे. दोन्ही बाजूंचे चाहते वाचणार, तेव्हा कोणाला हरवायचे? लब्लांचा होम्स बुद्धीत कुठेही उणा पडत नाही. इतरांना न उकललेले तो उकलतो. त्याचा पराभव होतो तो वेळेकडून. चोर जिंकतो, गुप्तहेराचा मान राहतो. उसने आणलेले पात्र उसनवारीच्या भांड्यासारखे जपून वापरावे, हा शिष्टाचार येथे पाळलेला आहे.

१३/
मात्र मूळ मालकाला तो पुरेसा वाटला नाही. डॉइल यांच्या बाजूने हरकत घेतली गेली, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. १८८६च्या बर्न कराराने ब्रिटन आणि फ्रान्स एकमेकांच्या लेखकांचे हक्क मानण्यास बांधलेले होते. पण तो करार कृतींचे रक्षण करत होता, आणि केवळ पात्राचे नाव उचलणे ही कृतीची चोरी ठरते का, हे स्पष्ट नव्हते. लब्लांने तोडगा काढला तो लुपिनला शोभणारा. १९०७च्या पुस्तकात शेरलॉक होम्सचा 'हेरलॉक शोम्स' झाला. पहिल्या अक्षरांची अदलाबदल, एवढेच. मराठीत तर या नावात आपोआप 'हेर' येऊन बसतो!

१४/
पुढे वॉटसनचा विल्सन झाला, बेकर स्ट्रीटची पार्कर स्ट्रीट झाली. १९०८मध्ये या जोडीच्या दोन दीर्घ कथांचे पुस्तक आले. १९०९च्या एका इंग्रजी भाषांतरात हाच गृहस्थ 'होल्मलॉक शीअर्स' बनून वावरला. प्रत्येक वाचकाला हा कोण ते ठाऊक होते, आणि कागदावर तो कोणीच नव्हता. आज टोपणनावाने लिहिणारे फॅन फिक्शनकार स्वतःचे नाव लपवतात. लब्लांने पात्राचे लपवले.

१५/
शिफारस प्रामाणिक असावी, म्हणून दोषही सांगते. १९०८च्या पुस्तकात बिचाऱ्या विल्सनची विदूषकासारखी थट्टा होते आणि तो दोन्ही कथांत जायबंदी होतो. वॉटसनवर प्रेम करणाऱ्यास हे सहन होत नाही. १९०९च्या 'पोकळ सुळका' या कादंबरीच्या अखेरीस तर शोम्सच्या हातून जे घडते, ते डॉइल यांच्या होम्सच्या हातून कधीही घडले नसते. आपल्या नायकाला उंच करण्यासाठी दुसऱ्याच्या नायकाला खुजे करायचे, हा फॅन फिक्शनचा सर्वांत जुना दुर्गुण लब्लांच्या अंगीही होता. पहिल्या कथेतील सौजन्य तीन वर्षांत आटले.

१६/
याउलट त्याच १९०८च्या पुस्तकातील 'ज्यू दिवा' ही कथा मला फार मोलाची वाटते. शोम्सला एकाच वेळी दोन पत्रे येतात : एकात मदतीची याचना, दुसऱ्यात लुपिनची 'येऊ नका' अशी विनंती. तो अर्थातच जातो आणि सत्य शोधून काढतो. ते सत्य मात्र एका कुटुंबाच्या सुखाच्या मुळावर येते, आणि चोर ते का झाकत होता हे कळेस्तोवर उशीर झालेला असतो. सत्य शोधणे नेहमीच हितकर असते का, हा प्रश्न होम्सकथा आतून क्वचितच विचारते. तो विचारायला बाहेरचा लेखक यावा लागला. वर्गात मला द्यायचे होते ते उत्तर हेच.

१७/
इथे कुणी म्हणेल, आपल्याकडे हे नवीन नाही. वनपर्वात भीमाच्या वाटेत शेपूट पसरून बसलेला हनुमान रामकथेतून आलेला असतो. गणेश चतुर्थीला आठवली जाणारी स्यमंतक मण्याची कथा जांबवंताला कृष्णाशी झुंजवते. अभिमन्यू-वत्सलेचे लग्न व्यासांच्या महाभारतात नसून लोकपरंपरेने रचलेले आहे, तरी 'मायाबाजार' पाहताना कोणाला ते परके वाटत नाही. साम्य खरे आहे, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने भेदही पाहावा. त्या कथांना मालक नव्हता. होम्सला लेखक होता, प्रकाशक होता, कायदा होता. कथा पुढे नेण्याची वृत्ती प्राचीन आहे. त्याबद्दल अपराधी वाटणे आधुनिक आहे.

१८/
काळाने मात्र सूड उगवला. १९३०-३१मध्ये जपानी लेखक एदोगावा राम्पो यांनी 'सोनेरी मुखवटा' या कादंबरीत आपला गुप्तहेर आकेची याच्यासमोर प्रतिस्पर्धी म्हणून आर्सेन लुपिनला उभे केले. लब्लां तेव्हा हयात होता. डॉइल यांच्याशी तो जसा वागला, तसेच राम्पो त्याच्याशी वागले. १९६७मध्ये जपानी चित्रकथांत लुपिनचा नातू अवतरला. २०२१मध्ये नेटफ्लिक्सवरील मालिकेत ओमार सी यांनी साकारलेला नायक हा लुपिन नसून लुपिनच्या पुस्तकांचा चाहता आहे. चाहत्यानेच नायक व्हावे, हा या परंपरेचा न्याय्य शेवट वाटतो.

१९/
वाचण्याचा क्रम : प्रथम 'आर्सेन लुपिनची अटक', कारण नेली कोण हे कळल्याशिवाय रात्रीचा तो प्रसंग अर्धाच भिडेल. मग 'शेरलॉक होम्स फार उशिरा पोहोचतो'. त्यानंतर 'ज्यू दिवा'. 'पोकळ सुळका' शेवटी, आणि मन घट्ट करून. लब्लांच्या मृत्यूला सत्तर वर्षे होऊन २०१२पासून मूळ फ्रेंच कथा सर्वांसाठी खुल्या झाल्या आहेत. जुनी इंग्रजी भाषांतरे प्रोजेक्ट गुटेनबर्गवर विनामूल्य मिळतात.

२०/
कथा वाचून झाल्यावर पुडक्यात काय होते ते खाली लिहू नका. इतरांचा आनंद जाईल. त्याऐवजी एवढे सांगा : मराठीतील कोणती दोन पात्रे एका रस्त्यावर समोरासमोर यावीत असे तुम्हाला वाटते? आणि ती गोष्ट आधीच लिहून, कोणाला न दाखवता, वहीत ठेवली असेल तर ती वही बाहेर काढा. धागा संपला.