किरमिजी डाग

यंदाच्या चैत्रात माझ्या नगरच्या घराच्या गच्चीवरील फड्या निवडुंगाला पहिले फूल आले. पिवळे, पाकळ्यांवर लालसर छटा. पण त्याच आठवड्यात त्याच्या फडांवर कापसासारखे पांढरे ठिपके दिसले. एक ठिपका नखाने चिरडला, तो बोट लालभडक! त्या डागामागे सव्वादोनशे वर्षांची कथा आहे.

आपला ‘किरमिजी’ हा शब्दच मुळी रंग देणाऱ्या एका किड्याच्या अरबी-फारसी नावावरून आला. तसाच रंग मेक्सिकोतील निवडुंगावरच्या किड्यापासून निघे, आणि त्या व्यापाराच्या किल्ल्या स्पेनच्या कमरेला होत्या. कंपनी सरकारला मोह आवरेना. १७९५ साली कॅप्टन नीलसन याने ब्राझीलमधील रिओहून असे किडे कलकत्त्यास आणले. किडा निघाला भलत्याच जातीचा! रंग हलका, निवडुंगाच्या एका जातीचा मात्र त्याने फडशा पाडला. आपल्या दख्खनमधला फड्याही मूळचा अमेरिकेचाच, पण जात वेगळी. तो त्या किड्याला बधला नाही. (खरा देशी निवडुंग म्हणजे चिकाचा त्रिधारी. या पाहुण्याने त्याचे नावही बळकावले.) गावकुसाला, मळ्यांच्या बांधांना तो असा माजला की माणसे मेटाकुटीस आली. पुढे १९२६ साली श्रीलंकेतून दुसऱ्या जातीचा किडा दक्षिण भारतात आणला गेला, आणि थोड्याच वर्षांत निवडुंगाची रानेच्या राने आडवी झाली.

सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला. माझ्या आजीला मात्र ते मान्य नव्हते. पाथर्डी तालुक्यातील आमच्या ओढ्याकाठी एक जाळी उरली होती. १९७२ च्या दुष्काळात कडबा संपला तेव्हा आजी तिचे फड तोडी, जाळावर धरून काटे जाळी, विळ्याने बारीक चिरी आणि उरलासुरला वाळका पाला त्यात मिसळी. नुसता निवडुंग घातला तर जनावराला हगवण लागते. बैलजोडी विकावी लागली. गाय तेवढी जगली. उरुळीकांचनच्या बायफ संस्थेने बिनकाट्यांचा निवडुंग चाऱ्यासाठी लावल्याचे वाचले, तेव्हा ते वाचून दाखवायला आजी उरली नव्हती.

चार वर्षांपूर्वी ओढा खोल करताना ती जाळीही यंत्राने उपटली. मी एक फड उचलून आणला. आठ-दहा दिवस सावलीत ठेवून त्याची जखम सुकवली, मुरूम-वाळूच्या कुंडीत उभा खोचला, आणि पंधरा दिवस पाण्याचा थेंब दिला नाही. निवडुंग उन्हाने मरत नाही, आपल्या मायेने कुजतो. मुळे धरल्यावरही माती पार सुकल्याखेरीज पाणी घालू नये, आणि पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली सरकवावी.

आता रोज सकाळी दात घासायच्या जुन्या ब्रशने मी ते ठिपके पाण्याने खरवडून काढतो. दुसऱ्या दिवशी दोन-चार पुन्हा दिसतातच. हात कितीही धुतले तरी नखांत रंग राहतो. मग शाळेत खडू हातात घेतला की पहिल्या बाकावरचा पोरगा विचारतो, “गुरुजी, बोट कशानं कापलं?”