‘फ्रॅग’ या शब्दाची वंशावळ

सांघिक चकमकींच्या संगणकखेळांत प्रतिपक्षाचा एक गडी टिपणे याला ‘फ्रॅग’ म्हणतात. परंतु या शब्दाची वंशावळ शोधीत मागे जावे, तर वाट व्हिएतनामच्या रणभूमीवर जाऊन पोहोचते. फुटताच धातूच्या कपच्या चहूकडे उधळणाऱ्या हातबॉम्बला अमेरिकी सैन्यात ‘फ्रॅग’ हे संक्षिप्त नाव होते, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस, ज्यांची त्या युद्धावरील श्रद्धा आटून गेली होती अशा काही शिपायांनी जेव्हा आपल्याच अधिकाऱ्यांवर ते बॉम्ब टाकले, तेव्हा त्या स्वकीयहत्येस ‘फ्रॅगिंग’ हे नाव पडले. स्फोटानंतर टाकणाऱ्याचा माग उरत नाही, हेच त्या शस्त्राच्या निवडीमागील भीषण कारण होते.

१० डिसेंबर १९९३ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘डूम’ या संगणकखेळाने हा शब्द उचलला. संगणक एकमेकांस जोडून चौघांनी परस्परांवर तुटून पडावे, अशी सोय त्यात होती; या झुंजीला खेळाचे एक निर्माते जॉन रोमेरो यांनी ‘डेथमॅच’ हे नाव दिले, आणि मारलेल्यांची मोजदाद ‘फ्रॅग’ या सदराखाली होऊ लागली. ज्या शब्दात एका खचलेल्या सैन्याची शोकांतिका साठलेली होती, तो असा निव्वळ हिशेबाचा आकडा झाला, याची खंत मला आजही वाटते.

१९९९ साली मिन्ह ली आणि जेस क्लिफ यांच्या ‘काउंटर-स्ट्राइक’ या खेळाने मात्र खेळाडूंच्या या बोलीला खजिन्याचे परिमाण दिले. तेथे प्रत्येक गडी ८०० डॉलरांनिशी मैदानात उतरतो, तिजोरीची कमाल मर्यादा १६,००० असते, आणि ‘ऑप’ ही दूरवेधी बंदूक एकटीच ४,७५० गिळते. म्हणून हरलेल्या संघाने एखादा डाव जाणूनबुजून जवळजवळ बिनखर्चाचा खेळून पुढच्यासाठी शिल्लक राखावी, या काटकसरीस ‘इको’ म्हणतात. फौजेच्या मुलुखगिरीइतकेच तिच्या जमाखर्चाला महत्त्व असते, हे जाणणाऱ्या कोणाही फडणविसाला ही नीती तत्काळ उमगली असती.

याच बोलीत दबा धरून बसणाऱ्यास ‘कॅम्पर’ म्हणून हिणवतात, ते मला अन्यायाचे वाटते; ठाणे राखणाऱ्या पक्षात तो किल्लेदाराचेच काम करीत असतो.

२०२० साली आलेल्या ‘व्हॅलोरंट’ या खेळाने चलनाचे नाव बदलून ‘क्रेडिट’ केले. तरी आरंभीची रक्कम ८०० च राहिली, पैसे राखण्याचा डाव ‘इको’च राहिला, आणि सर्वांआधी शत्रूच्या ठाण्यात घुसणाऱ्या गड्याला आजही ‘एन्ट्री फ्रॅगर’ अशीच हाक मारतात.