एका रोगाचें नांव आणि कामगाराची नोंद



अकोले तालुक्यांतील राजूर हें सह्याद्रीच्या कुशींतलें पावसाळी गांव. अशा गांवांतून कौलांच्या जोडीला सिमेंटचे पत्रे आले. त्यांत ॲस्बेस्टॉस या खनिजाचे तंतु घालण्याची रीत आपल्या देशांत जुनी आहे. तंतु सिमेंटांत बांधलेला असतो तोंवर भय थोडें. पत्रा कापतांना किंवा कारखान्यांत तंतूंचें पोतें उघडतांना उडणारी धूळ मात्र श्वासाबरोबर आंत जाते. त्या धुळीशीं घट्ट नातें असलेल्या मेसोथेलिओमा या रोगाच्या वर्गीकरणाचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

फुप्फुस, उदर व हृदय यांना पातळ आवरणें असतात; त्या आवरणांचा हा कर्करोग. गांठ मूळची आवरणाचीच, कीं दुसऱ्या अवयवांतून आलेली, हा वाद दीर्घकाळ चालला. १९३१ सालीं क्लेंपरर व रेबिन यांनीं फुप्फुसावरणाच्या गांठींचे दोन वर्ग केले : एके ठिकाणीं राहणाऱ्या आणि सर्वत्र पसरणाऱ्या. पहिल्या वर्गांतील बहुतेक गांठी पुढें निराळ्याच जातीच्या ठरल्या.

आज भेद दोन रीतींनीं करतात. स्थानावरून पाहतां फुप्फुसावरणाचा प्रकार सर्वांत अधिक, उदरावरणाचा त्याखालोखाल. हृदयावरणाचा व वृषणावरणाचा अगदीं विरळा. पेशींवरून तीन प्रकार : बहुकोनी पेशींचा एपिथेलिऑइड, चातीसारख्या निमुळत्या पेशींचा सार्कोमाटॉइड, आणि दोहोंचा मिश्र. पहिल्यांत रोगी त्यांतल्या त्यांत अधिक जगतो. दुसरा सर्वांत घातक.

परंतु पेशी पाहून कारण कळत नाहीं. तें १९६० सालीं दक्षिण आफ्रिकेंत वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें. त्यांनीं ३३ रोग्यांचा पूर्ववृत्तांत तपासला. बहुतेकांचा संबंध निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या मुलखाशीं निघाला. कांहीं तर खाणींत राबलेच नव्हते. बालपणीं तेथें राहिले होते, इतकेंच.

धूळ आणि रोग यांमध्यें बहुधा वीस ते चाळीस वर्षें, कधीं त्याहूनही अधिक काळ जातो. म्हणूनच १९९५ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें आदेश दिला कीं, ॲस्बेस्टॉस-कामगाराच्या प्रकृतीची नोंद नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षें किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षें, यांपैकीं जी मुदत उशिरा संपेल तोंवर जपावी.

मुंबईस राबून म्हातारपणीं गांवीं परतलेला मनुष्य धाप लागून दवाखान्यांत येतो, तेव्हां त्याच्या गांठीचा प्रकार सूक्ष्मदर्शक सांगेल. तो कोठें आणि कशांत राबला, हें मात्र त्यालाच विचारून लिहून ठेवावें लागेल. तेवढें झालें नाहीं, तर रोगाला नांव मिळेल, पण माणसाला न्याय मिळणार नाहीं.