नवताऱ्यांतील लिथियम
नवताऱ्याच्या स्फोटात तयार होऊन अवकाशात विखुरले जाणारे लिथियम. ताऱ्याच्या गाभ्यात हेलियमपासून थेट कार्बन बनतो. लिथियम, बेरिलियम आणि बोरॉन ही मधली हलकी मूलद्रव्ये तिथे साठत नाहीत. लिथियम तर सुमारे २५ लाख केल्व्हिन तापमानालाच प्रोटॉनच्या माऱ्याने नष्ट होते. महास्फोटात ते थोडे निर्माण झाले, विश्वकिरणांच्या आघातांमुळेही थोडे बनते. पण उल्कापाषाणांत ते या दोन्हींच्या बेरजेपेक्षा बरेच अधिक सापडते. ही तूट भरून काढणाऱ्या स्रोतांत नवताऱ्यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

नवतारा म्हणजे अतिनवतारा नव्हे. त्यात श्वेतबटू जोडीदार ताऱ्याकडून हायड्रोजनयुक्त वायू ओढून घेतो. पृष्ठभागावर साचलेला थर तापून अणुसंमीलन अनावर होते आणि तो उडून जातो. श्वेतबटू मात्र शाबूत राहतो. या भडक्यात हेलियम-३ आणि हेलियम-४ यांच्या संयोगातून बेरिलियम-७ बनते. त्याचा अर्धायुःकाल सुमारे ५३ दिवसांचा आहे. सारे मर्म या विलंबात आहे: लिथियम लगेच बनले असते तर त्याच आगीत जळून गेले असते. बेरिलियम वायूबरोबर दूर फेकले जाते, वायू निवतो आणि मग इलेक्ट्रॉन ग्रहण करून त्याचे लिथियम-७ होते. ए. जी. डब्ल्यू. कॅमेरॉन आणि विल्यम फाउलर यांनी १९७१ मध्ये ही युक्ती तांबड्या राक्षसी ताऱ्यांसाठी सुचवली. त्याच दशकात ती नवताऱ्यांनाही लावली गेली.

पुरावा मिळायला मात्र चार दशके लागली. ऑगस्ट २०१३ मध्ये धनिष्ठा तारकासमूहात उजळलेल्या व्ही३३९ या नवताऱ्याच्या वर्णपटात हवाईतील ८.२ मीटर व्यासाच्या सुबारू दुर्बिणीला, स्फोटानंतर सुमारे सहा आठवड्यांनी, बेरिलियम-७ च्या जंबुपार रेषा दिसल्या. हे संशोधन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी नरतुरंगातील व्ही१३६९ या नवताऱ्यात खुद्द लिथियमची ६७०.८ नॅनोमीटरची रेषा आढळल्याचे जाहीर झाले. अशी रेषा क्वचितच दिसते, कारण तप्त वायूत लिथियमचे आयनीभवन होते आणि आयनांच्या रेषा दृश्य प्रकाशात उमटत नाहीत. म्हणूनच बेरिलियमचा शोध अधिक मोलाचा ठरतो. पुढे भुजंगधारीतील आरएस या पुनरावर्ती नवताऱ्याच्या २०२१ च्या उद्रेकातही बेरिलियम-७ सापडले.

व्ही३३९ मध्ये मोजलेले प्रमाण सैद्धांतिक प्रतिकृतींपेक्षा जास्त भरले. त्यामुळे आकाशगंगेतील लिथियमपैकी नेमका किती वाटा नवताऱ्यांचा, हा हिशेब अजून चालू आहे.